वाल्डेमार हाफकिन

मुंबईंत परळ येथें आचार्य दोंदे मार्गानें जातांना दाट झाडीच्या आड एक जुनी भारदस्त इमारत लागते. टाटा रुग्णालय तेथून जवळच असल्यामुळें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तिचें फाटक तरी पाहिलें असेल. ह्या वास्तूनें जितकीं स्थित्यंतरें पाहिलीं तितकीं मुंबईंतल्या दुसऱ्या क्वचितच वास्तूनें पाहिलीं असतील. पोर्तुगीज अमदानींत तेथें ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ व प्रार्थनामंदिर होतें. इंग्रजांनीं तें ताब्यांत घेतल्यावर पुढें तेथें मुंबईचे गव्हर्नर राहूं लागले. ज्यांच्या नांवानें पुण्याचें कॉलेज प्रसिद्ध आहे त्या गव्हर्नर फर्ग्युसन साहेबांच्या पत्नी पटकीच्या विकारानें निवर्तल्या, आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलकडे गेला. अशा ह्या सोडलेल्या राजवाड्यांत १८९९ सालीं जो गृहस्थ आपल्या बाटल्या, चंबू व सूक्ष्मदर्शक यंत्रें घेऊन आला, त्यानें त्यापूर्वीं पटकीवरच लस शोधून काढून ती हिंदुस्थानांत हजारों लोकांस टोंचली होती. आज तेथील संस्था त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

हाफकिन हें नांव पालकमंडळींस नवें नाहीं. लहान मुलांस पोलिओचे थेंब पाजण्यासाठीं आपण रविवारीं रांगेंत उभे राहत होतों. त्यांतील पुष्कळ थेंब परळच्या ह्याच आवारांतून येत असत. परंतु नांव माहीत असणें निराळें व माणूस माहीत असणें निराळें. वरच्या वर्गांत आम्हीं हा प्रश्न सहज टाकून पाहिला, तेव्हां कोणी हाफकिन यांस इंग्रज म्हणालें, कोणी जर्मन म्हणालें, आणि एका विद्यार्थ्यानें तर तें एका औषधाचें नांव आहे असें छातीठोकपणें सांगितलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या कांठीं असलेल्या ओडेसा शहरीं ता. १५ मार्च १८६० रोजीं झाला. हें शहर त्या वेळीं रशियाच्या बादशहाच्या, म्हणजे झारच्या, अंमलाखालीं होतें. सांप्रत तें युक्रेन देशांत मोडतें. घराणें यहुदी व पेशा व्यापाराचा. शालेय शिक्षण बर्ड्यान्स्क गांवीं आटोपून ते १८७९ सालीं ओडेसाच्या विश्वविद्यालयांत दाखल झाले. तेथें मेचनिकॉफ हे प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. रक्तांतील पांढऱ्या पेशी बाहेरून शिरलेल्या जंतूंस गिळून टाकतात असें दाखवून देऊन १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच. असा गुरु लाभणें हें मोठें भाग्य होय. परंतु काळ मात्र वाईट होता. विद्यार्थिवर्गांत झारशाहीविरुद्ध असंतोष धुमसत होता, आणि तरुण हाफकिन त्यांत सामील असल्यामुळें पोलिसांचा ससेमिरा त्यांच्यामागें लागला. १८८१ सालीं झारचा खून झाल्यावर यहुदी वस्त्यांवर दंगेखोरांचे हल्ले होऊं लागले. आपल्या लोकांच्या रक्षणार्थ उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते; त्या धामधुमींत ते जखमी झाले व पकडलेही गेले. मेचनिकॉफ यांच्या रदबदलीनें त्यांची सुटका झाली.

इतकें सारें होऊनही त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं. ओडेसाच्या प्राणिवस्तुसंग्रहालयांत एका लहानशा जागेवर राहून ते सूक्ष्म जलचर जीवांचें निरीक्षण करीत राहिले. त्यांची विद्वत्ता पाहून विश्वविद्यालयांत वरची जागा मिळण्याचा योग आला, परंतु त्यांनीं यहुदी धर्म सोडून रशियन राजधर्माची दीक्षा घ्यावी अशी अट पडली. हाफकिन यांनीं नकार दिला. आमची शाळा ख्रिस्ती मिशनची आहे व येथील दिवस प्रार्थनेनें सुरू होतो. तथापि, किंबहुना त्यामुळेंच, ह्या नकाराबद्दल आम्हांस आदर वाटतो. नोकरीच्या पायीं स्वीकारलेला धर्म देवासही नको असावा.

१८८८ सालीं त्यांनीं मायदेश सोडला. कांहीं काळ जिनीव्हा येथें काढून १८८९ सालीं ते पॅरिस येथील पाश्चर यांच्या संस्थेंत पोंचले. मेचनिकॉफ तेथें आधींच येऊन राहिले होते. परंतु संस्थेंत मोकळी जागा होती ती एका ग्रंथपालाची! हाफकिन यांनीं ती पत्करली, आणि पुस्तकें लावण्याच्या कामांतून जो वेळ उरे तो प्रयोगशाळेंत घालवूं लागले.

त्या काळीं लस ह्या गोष्टीचें ज्ञान कोठवर आलें होतें हें येथें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत जेन्नर यांनीं १७९६ सालीं गाईच्या देवींतील लस टोंचून मनुष्याच्या देवींपासून बचाव करतां येतो असें दाखविलें. आपल्या मुंबईंत १८०२ सालच्या जून महिन्यांत एका तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम टोंचली गेली, व हिंदुस्थानांतील ती पहिली लस होय. त्यानंतर पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पाश्चर यांनीं १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस काढली. देवी काय किंवा कुत्र्याचें पिसाळणें काय, हे रोग ज्यांपासून होतात ते विषाणु इतके सूक्ष्म असतात कीं त्या काळच्या कोणत्याही यंत्रांतून ते दिसणें शक्य नव्हतें. जेन्नर व पाश्चर या दोघांनींही शत्रूस न पाहतांच त्याच्यावर मात केली असें म्हणावें लागेल. पटकी व प्लेग यांची गोष्ट वेगळी आहे. हे रोग जंतूंमुळें होतात. जंतु विषाणूंहून पुष्कळच मोठे असल्यामुळें सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतात, व बाटलींत मांसरस घालून त्यांची लागवडही करतां येते. मात्र शरीरास आधीं सौम्य झालेल्या किंवा मेलेल्या शत्रूची ओळख करून द्यावी, म्हणजे खरा शत्रु चालून आला असतां शरीर सावध असतें, हें लसीचें तत्त्व दोहोंकडे सारखेंच.

पटकीचे जंतु उष्णतेंत व हवेच्या झोतांत वाढवून हाफकिन यांनीं त्यांचें विष सौम्य केलें. दुसरीकडे गिनीपिग जातीच्या प्राण्यांच्या पोटांतून ते एकामागून एक नेऊन त्यांचें विष तीव्रही केलें. आधीं सौम्य व कांहीं दिवसांनीं तीव्र, अशी दोन वेळां टोंचणी द्यावयाची ही त्यांची पद्धति. जनावरांवर ती यशस्वी झाली. पण माणसांचें काय? ता. १८ जुलै १८९२ रोजीं हाफकिन यांनीं ती लस प्रथम स्वतःच्या शरीरांत घेतली. ताप आला, टोंचलेली जागा दुखली, आणि ते बरे झाले. नंतर त्यांच्या कांहीं मित्रांनींही ती घेतली. हे वृत्त त्यांनीं त्याच महिन्याच्या अखेरीस पॅरिस येथील विद्वानांच्या सभेपुढें ठेवलें. वृत्तपत्रांत गाजावाजा झाला. परंतु स्वतःस टोंचून घेणें म्हणजे कांहीं लसीचा गुण सिद्ध होणें नव्हे. त्यानें फार तर ती निर्धोक आहे एवढें दिसतें. ती पटकीपासून वांचविते कीं नाहीं हें कळावयास जेथें पटकी आहे तेथेंच गेलें पाहिजे. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळीं पॅरिस येथें इंग्लंडचे वकील होते. त्यांच्या साहाय्यानें हाफकिन यांस हिंदुस्थानचा मार्ग मोकळा झाला, आणि १८९३ सालच्या मार्च महिन्यांत ते कलकत्त्यास उतरले.

येथून पुढची हकीकत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेंत लस तयार करणें हें एक काम, आणि ती अनोळखी माणसाच्या हातून टोंचून घेण्यास लोकांचें मन वळविणें हें दुसरें. हाफकिन यांस येथील भाषा येत नव्हत्या. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यामुळें सरकारी डॉक्टरांपैकीं पुष्कळजण त्यांच्याकडे कपाळास आठ्या घालून पाहत. रशियाचे म्हणून हेर असावेत असा कित्येकांस संशय. आणि गोरगरीब लोकांच्या दृष्टीनें ते सुई घेऊन आलेले एक साहेब, एवढेंच! आपण त्या वस्तींत राहत असतों तर काय केलें असतें, हें प्रत्येकानें स्वतःशीं विचारून पाहावें.

१८९४ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याच्या काठलबागान नांवाच्या वस्तींत पटकी सुरू झाली. चिंचोळ्या गल्ल्या, मातीच्या झोंपड्या व सर्वांचें पाणी एका तळ्याचें, अशा ह्या वस्त्यांना तिकडे बस्ती म्हणतात. हाफकिन आपल्याबरोबर चौधरी, घोष, चॅटर्जी व दत्त ह्या बंगाली डॉक्टरांस घेऊन अशा वस्त्यांतून हिंडत. लोकांनीं त्यांच्यावर दगडही टाकले. तेव्हां हाफकिन यांनीं भर गर्दींत सदरा वर केला व आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःच्या कुशींत सुई टोंचून घेतली. डॉक्टरांनींही लोकांदेखत टोंचून घेतलें. मग एक पुढें आला, मग दुसरा. काठलबागानच्या सुमारें २०० रहिवाशांपैकीं ११६ जणांनीं लस घेतली. पुढें त्या वस्तींत दहा जणांस पटकी झाली व त्यांतील सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकीं होते.

एकाच झोंपडींत राहणारे, एकाच तळ्याचें पाणी पिणारे लोक, कांहींनीं लस घेतलेली व कांहींनीं न घेतलेली, आणि दोहोंचा हिशेब शेजारीं शेजारीं मांडलेला: ही तुलना हाफकिन यांनीं जन्मभर सोडली नाहीं. त्यांच्या वह्यांत आकड्यांचे रकानेच्या रकाने असत. गणिताच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें. पुढें आसामांतील चहाच्या मळ्यांत, तुरुंगांत, पलटणींत, जेथें जेथें संधि मिळाली तेथें तेथें त्यांनीं हाच क्रम ठेवला. दोन-अडीच वर्षांत सुमारें ४२ हजार लोकांस लस टोंचून झाली, तोंच मलेरियानें त्यांस गांठलें व १८९५ सालीं ते युरोपास परत गेले. प्रकृति नीट सुधारण्यापूर्वींच ते पुन्हां हिंदुस्थानांत आले. आणि त्याच वर्षीं, म्हणजे १८९६ सालीं, मुंबईवर तो प्रसंग गुदरला.

सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत विचित्र तापाचे रोगी आढळूं लागले. त्यांच्या जांघेंत व काखेंत गांठी येत. हा गांठीचा ताप म्हणजे प्लेगच होय असें निदान प्रथम करणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्यांतील हडफड्याचे. हें सांगावयास आम्हांस अभिमान वाटतो. सुरुवातीस पुष्कळांनीं हें निदान मानलें नाहीं. पण रोग कोणाच्या मानण्यावर थांबत नाहीं. थोड्याच महिन्यांत लाखों माणसें मुंबई सोडून गेलीं. बंदर ओस पडलें, गिरण्या थंडावल्या, आणि जी आगगाडी माणसें गांवोगांव नेत होती तीच रोगही नेऊं लागली.

ऑक्टोबरांत सरकारनें हाफकिन यांस मुंबईस पाठविलें. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस जागा मिळाली ती एका व्हरांड्याची, आणि माणसें मिळालीं तीं एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. तिची कृति मोठी मनोरंजक आहे. मांसरसानें भरलेल्या चंबूंत ते प्लेगचे जंतु सोडीत व वर थोडें साजूक तूप टाकीत. तूप पृष्ठभागावर तरंगतें. त्याच्या थेंबांस धरून जंतूंची वाढ होते व ती झुंबराच्या लोलकांप्रमाणें खालीं लोंबूं लागते. चंबू हलविला कीं लोलक तळाशीं जातात, व वर पुन्हां नवे तयार होतात. असे कित्येक आठवडे गेले म्हणजे जंतूंचें दाट पीक येतें. मग तें उष्णतेनें मारावयाचें. मांसरस करतांना हिंदु व मुसलमान दोघांच्याही भावना दुखावूं नयेत म्हणून बकऱ्याचें मांस वापरीत असत. ज्यांस लोकांपुढें कांहीं नवें घेऊन जावयाचें आहे त्यांनीं ही गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. लोकांच्या शंकांस हंसणें सोपें असतें. चंबूंत काय घालावयाचें ह्याचा विचार त्या शंका ध्यानांत घेऊन करणें अवघड.

ता. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही नवी लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि तीही पुढें इतरांस देत असत त्याच्या कित्येक पट, दहा घन सेंटिमीटर. ताप चढला, अंग ठणकलें, पण त्यांनीं त्याची वाच्यता केली नाहीं व नेहमींचीं कामें चालूं ठेवलीं. नंतर कॉलेजांतील अध्यापक, डॉक्टर व शहरांतील कांहीं प्रतिष्ठित मंडळी पुढें आलीं. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथें सुमारें निम्म्या कैद्यांनीं आपखुशीनें लस घेतली. लस न घेतलेल्या १७२ कैद्यांपैकीं बारा आजारी पडले व सहा मेले. लस घेतलेल्या १४७ पैकीं दोघे आजारी पडले व दोघेही वांचले.

त्याच सुमारास सरकारनें जे दुसरे उपाय चालविले होते त्यांची हकीकत महाराष्ट्रास नवीन सांगावयास नको. घरांची झडती, रोग्यांस बळजबरीनें इस्पितळांत नेणें, सामानसुमानाची होळी, स्त्रियांची परपुरुषांकडून तपासणी, ह्या प्रकारांनीं लोक रोगापेक्षां सरकारासच अधिक भिऊं लागले. मुंबईंत गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यांत जून १८९७ मध्यें रँड साहेबांचा खून झाला. ह्याच पुण्यांत त्याच वर्षीं ता. १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां स्वतः त्याच रोगानें वारल्या. ज्या काळीं माणसें सख्ख्या आप्तांस टाकून पळत होतीं त्या काळीं त्या माउलीनें परक्याच्या मुलास पाठीवर घेतलें. इतक्या धाकदपटशानें रोगाचें काय बिघडलें म्हणावें तर कांहींच नाहीं. कारण प्लेग पसरवितात त्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा, आणि घरें फिनेलनें धुणाऱ्या शिपायांस त्यांची वार्ताही नव्हती. पिसवांची गोष्ट सिमाँ नामक फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत दाखवून दिली, व तीही जगास पटावयास कित्येक वर्षें गेलीं.

अशा ह्या भयभीत वातावरणांत हाफकिन यांची सुई मात्र ज्यानें हात पुढें केला त्यालाच टोंचली जाई. खोजा जमातीचे धर्मगुरु आगाखान हे त्या वेळीं अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनीं आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः लस टोंचून घेतली. लोकांचा धीर होईना तेव्हां पुन्हां घेतली. पाठोपाठ हजारों खोजा मंडळींनीं हात पुढें केले. आपला खुश्रू लॉज नांवाचा बंगलाही त्यांनीं प्रयोगशाळेस वापरावयास दिला. पुढें जागा अपुरी पडूं लागली, आणि १८९९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत प्रयोगशाळा परळच्या राजवाड्यांत गेली. हुबळीस, धारवाडास, दमणास लस पोंचली. टोंचल्यावर एक-दोन दिवस ताप येई व हात सुजे, ह्यावर अफवा पोसल्या जात. तरी लोक येत राहिले. ही लस परिपूर्ण होती असें मात्र कोणीं समजूं नये. सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशननें ती उपयुक्त ठरविली, पण हाफकिन यांच्या आकडेमोडींतील उणिवाही दाखविल्या. ती घेऊनही कांहींजण आजारी पडत. परंतु आजारी पडण्याचें व मरण्याचें प्रमाण ती पुष्कळच खालीं आणी, आणि त्या काळीं तिच्याहून बरें असें दुसरें कांहीं कोणाच्याही हातीं नव्हतें.

आतां त्यांच्या आयुष्यांतील कटु प्रकरणाकडे वळलें पाहिजे. १९०२ सालीं पंजाबांत प्लेगचा कहर झाला व तेथें लाखों लोकांस लस टोंचण्याची मोहीम निघाली. परळची प्रयोगशाळा रात्रंदिवस राबूं लागली. ता. ३० ऑक्टोबर रोजीं मुल्कोवाल ह्या खेड्यांत, जें सांप्रत पाकिस्तानांत आहे, १०७ जणांनीं लस घेतली. पांच बाटल्या उघडल्या गेल्या. कांहीं दिवसांनीं त्यांपैकीं एकोणीस जणांस धनुर्वात झाला, आणि ते एकोणीसही मृत्यु पावले. सर्वांस एकाच बाटलींतील लस टोंचली होती. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांपैकीं एकासही कांहीं झालें नाहीं.

एकोणीस माणसें! रोगाच्या भयानें विश्वास ठेवून पुढें आलेलीं, आणि त्या विश्वासापायीं प्राणास मुकलेलीं. ह्यांत हळहळण्यासारखें जें आहे तें कोणत्याही खुलाशानें कमी होत नाहीं. चौकशी बसली. बाटली मुंबईस भरली तेव्हांच दूषित झाली असावी असा चौकशी-समितीचा कल पडला. हाफकिन यांनीं लस तयार करतांना एक सुधारणा केली होती. ज्या कार्बोलिक अॅसिडानें लस सुरक्षित राखीत तें गाळून केवळ उष्णतेवर त्यांनीं भिस्त ठेवली होती. पॅरिस येथें ती पद्धति मान्य होती, पण इकडे तीच त्यांच्या अंगावर आली. त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें, व १९०४ सालीं ते हिंदुस्थान सोडून गेले.

परंतु मुल्कोवाल येथें घडलें काय? बाटलीचें बूच काढतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उचलून जंतुनाशक पाण्यांत नुसता बुचकळला, व त्यानेंच बूच उपसलें. धनुर्वाताचे जंतु मातींत राहतात आणि ते अत्यंत चिवट असतात, हें आमच्या आठवीच्या मुलांसही ठाऊक आहे. चिमट्याची ही हकीकत साक्षींत आली होती, तथापि साक्षींचे कागद लोकांपुढें यावयास चार वर्षें लागलीं. डासांमुळें मलेरिया होतो हें सिकंदराबादेस सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनीं ते वाचले व त्यांस राहवेना. १९०७ सालीं त्यांनीं लंडनच्या वृत्तपत्रांतून ह्या अन्यायास वाचा फोडली. इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञांनींही त्यांच्याबरोबर सह्या केल्या. बाटली परळला नव्हे तर मुल्कोवालला दूषित झाली असें पुराव्यावरून दिसतें, असें त्यांचें म्हणणें होतें. अखेरीस सरकारनें हाफकिन यांस दोषमुक्त केलें.

येथें आम्हांस मोकळेपणानें एक मत मांडावेंसें वाटतें. सरकारनें कागद चार वर्षें दाबून ठेवले ह्यांत एका माणसाची मानहानि झाली, हें तर खरेंच. परंतु त्याहून मोठें नुकसान लोकांचें झालें. मुल्कोवालच्या बातमीनें पंजाबांतील मोहीम बसली. खेड्यापाड्यांत सुई पाहिली कीं लोक दारें लावून घेऊं लागले. एका बाटलींत, एका चिमट्यामुळें दोष शिरला, बाकीच्या बाटल्या निर्दोष होत्या, हें त्यांस वेळींच, उघडपणें व त्यांच्या भाषेंत कोणी सांगितलेंच नाहीं. १९०७ ह्या एका वर्षीं हिंदुस्थानांत प्लेगनें दहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. लस घेतली असती तर त्यांतील किती वांचलीं असतीं हें सांगतां येणार नाहीं. पण एकही वांचलें नसतें असें कोण म्हणेल? २०२१ सालीं करोनाच्या लशीसाठीं रांगा लागल्या होत्या तेव्हां आमच्या काहीं पालकांनीं सुईबद्दल ऐकलेल्या नाना वार्ता आम्हांस विचारल्या होत्या. आम्ही त्यांस नांवें ठेवलीं नाहींत. जेथें खरी माहिती उशिरां येते तेथें खोटी आधींच येऊन बसलेली असते.

दोषमुक्त होऊन हाफकिन परत आले, पण मुंबईस नव्हे. परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. त्यांस कलकत्त्याच्या प्रयोगशाळेंत काम मिळालें. पूर्वीचा अधिकार नाहीं, पूर्वीचें कार्यक्षेत्र नाहीं, आणि पूर्वीची उमेदही राहिली नसावी. त्या वर्षांविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. १९१५ च्या सुमारास सेवानिवृत्त होऊन ते युरोपास गेले. त्यांनीं लग्न केलें नाहीं. उत्तर आयुष्यांत ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचरणाकडे अधिकाधिक वळले, त्यावर निबंधही लिहिला, व आपली जमविलेली संपत्ति पूर्व युरोपांतील यहुदी धर्मपाठशाळांस ठेवून दिली. ज्या धर्मासाठीं तरुणपणीं नोकरी नाकारली तोच म्हातारपणीं त्यांचा सोबती झाला. स्वित्झर्लंडांतील लोझान शहरीं ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांनीं उभारलेली प्रयोगशाळा तोंवर पुष्कळ वाढली होती. १८९७ पासून १९२५ पर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाखांवर मात्रा बाहेर पडल्या. पुढें ह्याच आवारांतून पोलिओचे थेंब निघूं लागले, आणि २०११ सालच्या जानेवारींत हावड्याच्या एका मुलीस झालेला पोलिओ हा आपल्या देशांतील त्या विषाणूचा शेवटचा रोगी ठरला. त्या मुलीच्या वयाचीं मुलें सध्यां महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर असतील.

१९२५ सालीं परळच्या संस्थेचे तत्कालीन संचालक कर्नल मॅकी यांनीं तिला हाफकिन यांचें नांव देण्याची सूचना केली, व ती सरकारनें मान्य केली. ज्या दारांतून एकवीस वर्षांपूर्वीं ते अपराधी म्हणून बाहेर पडले होते त्याच दारावर त्यांच्या नांवाची पाटी लागली. हाफकिन यांनीं युरोपांतून उत्तरादाखल पत्र धाडलें. त्यांत मुल्कोवालचा उल्लेख नाहीं. आयुष्याचीं उत्तम वर्षें मुंबईच्या कामांत खर्ची पडलीं एवढेंच सांगून त्यांनीं कर्नल मॅकी यांचे आभार मानले होते, आणि संस्थेस यश चिंतिलें होतें.